आप्पांचं निळं दूध

आमच्या घरात सगळ्यात आधी म्हशी उठत, मग आप्पा, मग अव्वा, आणि मी उठावं म्हणून या सगळ्यांनी मिळून घातलेला गोंधळ उरलेली सकाळभर चाले. गोठा घराच्या मागच्या भिंतीला लागून होता आणि माझी अभ्यासाची खाट नेमकी त्याच भिंतीला. त्यामुळे बी.एस्सी.चा सगळा अभ्यास मी साखळ्यांचा खणखणाट, रवंथाचा संथ आवाज आणि मधूनच भिंतीवर बसणारी शिंगाची धडक यांच्या साथीने केला. पाठांतर चाललेलं असताना पलीकडून एखादी म्हैस असा लांबलचक सुस्कारा टाकायची की तिलाही हा धडा कंटाळवाणा वाटतोय याची खात्री पटायची. आता पन्नाशी उलटून गेली, तरी फार शांत खोलीत मला झोप लागत नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी मोठ्या अंगाचं, काही न विचारणारं असावं असं वाटत राहतं.

आप्पांचा धंदा दुधाचा, पण घरोघरी रतीब घालायचा नव्हे. आम्ही कट्ट्यावरचे. ज्यांनी कोल्हापूरचा दूध कट्टा पाहिलेला नाही त्यांना हे सांगायला हवं. दिवस कलला की म्हशीला धुऊन, शिंगांना तेल लावून गंगावेशीत आणायची, रस्त्याच्या कडेला बांधायची, आणि गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की त्याच्या देखत धार काढून फेसाळलेला पेला त्याच्या हातात द्यायचा. तो तिथेच उभ्या उभ्या संपवायचा आणि ओठावरची पांढरी मिशी हाताच्या पालथ्या बाजूने पुसायची. मध्ये पातेलं नाही, चूल नाही आणि माझ्या पुस्तकातला एकही धडा नाही. तालमीतले पैलवान तर पेल्याला हातच लावत नसत, ते तांब्या घेऊन येत. दूध उकळलं की त्यातला जीव जातो, यावर गंगावेशीत दोन मतं नव्हती. चहासाठी उकळतात ते वेगळं, चहा हा काही पैलवानाचा खुराक नव्हे.

अव्वा, म्हणजे माझी आई, संकेश्वरकडची. तिचं माहेर कानडी आणि सासर मराठी, त्यामुळे प्रेम मराठीत आणि राग कानडीत अशी तिने वाटणी केली होती. सणाला ती खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर करायची, वर तुपाची धार, आणि त्या दिवशी माझ्याशी मुद्दाम सगळ्यांदेखत बोलून ठेवायची, ‘‘जेवताना जंतूचं नाव काढायचं न्हाय. सुम्न जेवायचं.’’ सुम्न म्हणजे गप्प. हा शब्द मी लहानपणी इतक्या वेळा ऐकला आहे की माझ्या नावाचा भाग असावा असं मला वाटे.

सूक्ष्मजीवशास्त्र या विषयाकडे मी काही थोर प्रेरणेने गेले नाही. प्रवेशाच्या दिवशी रसायनशास्त्राच्या खिडकीवर मारुतीच्या देवळात शनिवारी असते तशी रांग होती, आणि शेजारच्या खिडकीवर कुणीच नव्हतं. प्रेम नंतर जडलं. प्रॅक्टिकलला सरांनी घरचं दही आणायला सांगितलं होतं. अव्वाच्या विरजणाचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तिथे ही गर्दी! मण्यांच्या माळा, काड्यांचे जुडगे. ही एवढी प्रजा आपल्या घरात इतकी वर्षं नांदते, आपल्याला रोज दही लावून देते आणि आपली साधी तोंडओळख नाही, याचा मला फार संकोच वाटला. घरी येऊन मी हे अव्वाला उत्साहाने सांगितलं. तिने दह्याचं भांडं उचललं, आत नेलं आणि दोन दिवस मला ताक वाढलं नाही.

गल्लीने मात्र माझा विषय फार लवकर समजून घेतला, म्हणजे आपापल्या सोयीने समजून घेतला. कुणी आलेले डोळे दाखवायला येई, कुणी लंगडणारी कोंबडी घेऊन. ‘‘तुझ्या कालेजात खरजेचं मलम मिळतंय काय गं?’’ असं मला भर रस्त्यात विचारलं जाई. सगळ्यात अवघड प्रसंग आप्पांवर येत. कट्ट्यावर कुणी विचारलं, ‘‘आप्पा, पोरगी काय शिकतीया?’’ की आप्पा ऐटीत सांगत, ‘‘बारीक जीव असत्यात न्हवं, डोळ्याला दिसत न्हाईत, त्येंचं.’’ ‘‘बरं, मग?’’ ‘‘मग काय... त्येंचंच शिकतीया.’’ आणि एवढं बोलून ते घाईघाईने म्हशीखाली वाकत. त्यांच्या त्या वाकण्यातली अडचण मला दिसायची आणि वाईट वाटायचं, पण त्यांना उपयोगी पडेल असं एक वाक्यही मला सुचत नव्हतं.

मग मला पुण्याला एम.एस्सी.साठी जागा मिळाली, आणि त्याच्याच जोडीने तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करायची संधी. आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते. मी एका दमात सांगितलं, की जनावरांकडून माणसांकडे संक्रमित होणाऱ्या रोगकारक सूक्ष्मजीवांचं जलद निदान करण्याच्या पद्धती विकसित करणं असा तो प्रकल्प आहे. आप्पांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

‘‘हे मला सांगितलंस का म्हशीला?’’

‘‘तुम्हाला, आप्पा.’’

‘‘मग दोघास्नीबी कळलं न्हाय.’’ ते माझ्याकडे वळले. ‘‘हे बघ. तुला पाठवायला माझी ना न्हाय. पर कट्ट्यावर मला रोज चार माणसं इचारत्यात. पोरगी पुण्याला कशाला गेलीया, हे बापालाच ठावं न्हाय म्हटल्यावर मी कुठलं तोंड दाखवू? मला समजंल असं सांग. मला दुसऱ्याला सांगता येऊ दे. मग जा.’’

दुसऱ्या बाजूला वारणानगरचं स्थळ तयार होतं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, कॉलनीत क्वार्टर, दारात स्कूटर. हे सगळं कुणालाही एका वाक्यात सांगता येत होतं. त्यांनी बघायला यायचं दिवाळीपूर्वी ठरलं होतं, आणि मला स्वच्छ दिसत होतं की तोवर आप्पांच्या तोंडात माझ्या विषयाचं एक धड वाक्य बसलं नाही, तर वारणानगरचंच बसणार.

आप्पांनी आपल्या परीने मदत करायचं ठरवलं आणि घोळ तिथेच सुरू झाला. तालमीचे बाबूराव वस्ताद संध्याकाळी तांब्या घेऊन आले, तेव्हा आप्पांनी त्यांच्यापुढे ही अडचण मांडली. वस्ताद म्हणाले, ‘‘मग त्यात काय एवढं? गणपतीत आर्केस्ट्राच्या आदी अर्धा तास रिकामाच हाय. पोरीला बोलू दे की. सगळ्यास्नी एकदमच कळंल, तुमालाबी कळंल.’’ आप्पा घरी येऊन म्हणाले, ‘‘सांगशील न्हवं?’’ मी म्हटलं, ‘‘सांगतो की!’’ आमच्याकडे मुलीही ‘सांगतो’च म्हणतात. पुरुषी रुबाब शब्दात तरी असावा.

पण सांगायचं काय? ‘‘दूध उकळून प्या म्हणालीस,’’ अव्वा म्हणाली, ‘‘तर सांजचं म्हस कुणाम्होरं बांधायची?’’ हे खरं होतं. म्हणून मी दुधाच्या स्वच्छतेचा एक प्रयोग निवडला. तो अगदी सोपा आहे. दुधात मेथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाचे थेंब टाकायचे आणि नळीला बूच लावून ती कोमट पाण्यात ठेवायची. दुधात जंतू थोडे असतील तर निळा रंग तासन्‌तास टिकतो. जंतू भरपूर असतील तर बघता बघता उडतो आणि दूध पांढरं होतं. कॉलेजच्या सरांनी रंगाची बाटली आणि नळ्या दिल्या, ‘‘फोडू नकोस’’ एवढाच उपदेश दिला. तुलनेला दोन दुधं हवी होती. एक आमचं, ताज्या धारेचं. दुसरं द्यायला हिंदूरावनाना आनंदाने तयार झाले. कट्ट्यावर त्यांची म्हैस आमच्या शेजारी बांधलेली असे. त्यांचं आणि आप्पांचं कशावरही एकमत नव्हतं आणि दोघांना एकमेकांवाचून करमतही नव्हतं. नानांनी सकाळचं उरलेलं दूध कॅनमधून तसंच आणलं, वर झाकणाला झेंडूची माळ घालून. तो कॅन कधी घासला होता हे विचारायची सोय नव्हती. माझ्या प्रयोगाच्या दृष्टीने ते फारच उत्तम दूध होतं.

मांडव गच्च भरला होता, अर्थात आर्केस्ट्रासाठी. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. सूक्ष्मजीव सर्वत्र आहेत, पाण्यात, मातीत, आपल्या त्वचेवर. मागून आवाज आला, ‘‘दिसत न्हाईत तर भ्यायचं कशाला?’’ त्याच्याही मागून, ‘‘आर्केस्ट्रा कवा?’’ मग मी दोन्ही नळ्यांत निळे थेंब टाकले. निळं दूध पाहिल्यावर मात्र माणसं उठून पुढे आली. एका नळीवर आप्पांचं नाव, दुसरीवर नानांचं. मी पुढे बोलतच होते, पण आता कुणी ऐकत नव्हतं. दोन गडी आमनेसामने उभे आहेत एवढं त्या गर्दीला कळलं होतं, आणि त्यापुढचं कुस्तीच्या गावाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

थोड्या वेळाने नानांची नळी खालून फिकी पडू लागली. ‘‘हललं! हललं!’’ असं कुणीतरी ओरडलं. निळा आकाशी झाला, आकाशीचा दुधी झाला आणि शेवटी दूध पांढरंशुभ्र. मांडवात एकच गर्जना उठली, ‘‘निळा चीतपट!’’ बाहेर हलगी तयारच होती, ती कडाडली. बाबूराव वस्तादांनी ती नळी उचलली आणि विजयी मल्लाचा हात उंचावावा तशी वर धरून जोरात हलवली. त्याबरोबर वरचं दूध पुन्हा निळं झालं. ‘‘उठतोय! उठतोय!’’ ‘‘दाबा त्येला!’’ माणसं श्वास रोखून बघत होती. निळा पुन्हा उडाला तेव्हा तर टोप्या हवेत गेल्या. नानांना फेटा बांधला, गुलाल लावला, नारळ दिला. नाना डोळे पुसत म्हणाले, ‘‘म्या म्हशीला कधी काय कमी केलं न्हाय.’’ आमची नळी निळीच्या निळी उभी होती. कुणीतरी दया येऊन म्हणालं, ‘‘निळा लईच अंगावर आला की ओ आप्पांच्या.’’ मी माइकवर किंचाळले, ‘‘थांबा! उलटं आहे! निळं राहिलं ते चांगलं!’’ पण तोवर आर्केस्ट्रावाल्यांनी वायर काढून घेतली होती, आणि माझ्या आयुष्यातल्या पहिल्या वैज्ञानिक व्याख्यानाचा समारोप ‘हॅलो चेक, वन टू’ या शब्दांनी झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांच्या म्हशीसमोर रांग आणि आमच्यासमोर एक कुत्रं. पैलवान तर एकजात तिकडे. निळा रंग पचवणारं दूध ते, हाडात जाणार म्हणजे जाणारच. मला हसूही येत होतं आणि रागही, पण ते सगळं घरी आल्यावर विरलं. आप्पा गोठ्यात उकिडवे बसून म्हशीपुढे सरकीची दुसरी पाटी ठेवत होते. वर बघून म्हणाले, ‘‘आपल्या म्हशीला काय कमी पडलं गं? तुला पुस्तकात काय घावतंय काय बघ.’’ मांडवातली माणसं गेली खड्ड्यात. ज्या एका माणसाला कळायला हवं होतं, त्यालाच मी उलटं शिकवून ठेवलं होतं. मी तिथेच खाली बसून सगळं पुन्हा सांगितलं, निळं चांगलं, पांढरं वाईट. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘ऱ्हाऊ दे. बापाला बरं वाटावं म्हणून बोलतीयास.’’

पुढचे काही दिवस मी सगळे उपाय करून पाहिले. कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर आकृत्या काढल्या, त्या म्हशींनी चाटल्या. ऑक्सिजन, क्षपण, विकरं असे शब्द काढले की आप्पांची मान समजल्यासारखी हलायची आणि डोळे दाराकडे जायचे. शिकवणाऱ्याला हे डोळे ओळखता आले पाहिजेत. पुढे मला ते पुष्कळ ठिकाणी दिसले, मोठ्या सभागृहांतसुद्धा. एके दिवशी दुपारी मी हताश होऊन बसले होते, तेव्हा आप्पांनीच विषय काढला.

‘‘मला एक सांग. वस्तादानं नळी हलवली, तवा निळं परत वर कसं आलं? चीत झाल्याला गडी हलवून उठत न्हाय.’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, मिटलं. मग विचारलं, ‘‘हलवल्यावर आत काय गेलं असंल, आप्पा?’’

‘‘काय जाणार? बूच तर लावलंतं.’’ त्यांनी बराच विचार केला. ‘‘वरची हवा गेली असंल दुधात.’’

‘‘मग?’’

‘‘मग हवा हाय तवर निळं. हवा संपली की पांढरं.’’ ते उठून उभे राहिले. ‘‘पर बूच लावल्यालं असताना हवा खाल्ली कुणी?’’

आप्पांनी कोपऱ्यातल्या दुधाच्या कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॅनकडे. ‘‘आयला,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘तुझ्या बारक्यांनी?’’

त्या ‘आयला’इतका सुंदर शब्द मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेला नाही. आप्पांना ते एकदम सगळं दिसलं. तालमीच्या खोलीत दार लावून माणसं कोंबली तर काय होतं, हे त्यांना माहीत होतं. जितकी माणसं जास्त तितका जीव लवकर घुसमटतो. ‘‘म्हंजे नानाच्या दुधात जत्रा भरलीती! आणि त्येला फेटा बांधला आमी!’’ असं म्हणून ते जे हसत सुटले ते अव्वा बाहेर येईपर्यंत थांबले नाहीत.

मात्र त्यानंतर घरात राहणं कठीण झालं. आप्पांनी रंगाची बाटली ताब्यात घेतली. घासलेल्या कासंडीतलं दूध, न घासलेल्या कासंडीतलं, राखेने घासलेल्या, उन्हात वाळवलेल्या, सगळ्यांच्या नळ्या गरम पाण्याच्या पातेल्यात उभ्या. खिडकी, देवघर, शिवणाचं मशीन, जिथे बघावं तिथे निळं दूध. अव्वाने एकदा नकळत त्यातल्याच दुधाचा चहा केला, तो शेवाळी झाला आणि तिने तो तसाच आप्पांपुढे ठेवला. ‘‘ह्या घरात पांढरं दूध मिळंल काय?’’ हे ती कानडीत म्हणाली, म्हणजे राग खरा होता. आप्पांची बोटं कायमची निळी झाली, कट्ट्यावर लोक विचारू लागले, ‘‘कुठलं इलेक्शन झालं ओ?’’ आप्पा कसबा बावड्याला माझ्या आत्याकडे गेले तर तिने केलेला चहा बाजूला सारून खिशातून नळी काढली. आत्याने सख्ख्या भावाला त्या दिवशी दारातूनच निरोप दिला. हिंदूरावनानांना गोठ्यात बोलावून त्यांचा कॅन समोर घासून घेतला आणि नवी नळी लावली. ती दुपारभर निळी राहिली, तेव्हा नाना कष्टी होऊन म्हणाले, ‘‘घासल्यानं ताकद गेली की रं आप्पा.’’ त्यांना पटवायला आणखी आठवडा गेला. पण पटवलं आप्पांनी, मी नव्हे.

मग एकदा त्यांनी थेट सडातून नळीत धार घेतली. ती नळी संध्याकाळपर्यंत निळीगर्द. आप्पांचा चेहरा फुलला. ‘‘बघ! म्हंजे कट्ट्यावरचं दूध एक नंबर. डोळं झाकून प्यायचं.’’ चुलीपाशी बसलेल्या अव्वाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘सुम्न’ हा शब्द लिहिलेला होता. मीही गप्प बसू शकले असते. प्रयोग समजला होता, वाक्य तयार होतं, पुणं हातात होतं. पण ते अर्धंच होतं, आणि पुण्यात जायचं ते नेमकं उरलेल्या अर्ध्यासाठी.

‘‘आप्पा,’’ मी म्हटलं, ‘‘हा रंग नुसती गर्दी किती हाय ते सांगतोय. गर्दीत कोण हाय ते सांगत न्हाय. बाजारात माणसं थोडी असली तरी त्यात एक चोर असला की पुरतो.’’

‘‘कसला चोर?’’

मी सांगितलं. क्षयाचा जंतू, दिवसेंदिवस उतरत-चढत राहणाऱ्या तापाचा जंतू. म्हैस चांगली दिसते, खाते, पान्हा सोडते, आणि हे दुधातून येऊ शकतात. दर वेळी येतात असं नाही, पण आले तर निळ्या रंगाला पत्ता लागत नाही. उकळलं की मरतात. ‘‘म्हणून दूध उकळून प्यायचं. धारेचंसुद्धा.’’

आप्पांनी नळी खाली ठेवली. ‘‘म्हंजे माझ्या धंद्यावरच आलीस की,’’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला भय वाटलं. ‘‘आनी पुण्यात हेच करायचं हाय?’’

‘‘चोर लवकर ओळखायची रीत हुडकायची. आता ओळखायला लई दिवस लागत्यात.’’

त्यांनी म्हैस सोडली आणि ते कट्ट्यावर निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी पुणं मनातून सोडून दिलं. त्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे होतं, की ज्या पेल्यांवर मी वाढले ते भरणाऱ्या माणसाला मी त्याच पेल्यात चोर दाखवला होता. रात्री भिंतीपलीकडे गोठ्यात त्यांचं खोकणं ऐकू येई आणि मी उशीत तोंड खुपसून रडे.

अशात वारणानगरचे पाहुणे येऊन थडकले. मुलगा भला होता, सारखा घाम पुसत होता. बोलायचं काम त्याच्या मामांकडे होतं. पोहे झाले, हवापाणी झालं, कारखान्याचा हंगाम झाला. मी चहा दिला आणि अव्वाच्या खुणेप्रमाणे आतल्या दाराशी उभी राहिले. मामांनी बशी भरली आणि विचारलं, ‘‘पोरगी शिकलीया म्हणत्यात. काय शिकलीया?’’

अव्वाने डोळे मिटले. आप्पांना वाकायला इथे म्हैस नव्हती. त्यांनी आपला कप खाली ठेवला, निळी बोटं मांडीवर पसरली आणि घसा खाकरला.

‘‘सांगतो, पावणं. दुधात बारीक जीव असत्यात. लई झालं की दुधातली हवा खाऊन टाकत्यात. निळा रंग घातला की गर्दी किती ते कळतंय. गर्दी नको असंल तर भांडं घासायचं, एवढं सोपं हाय. पर थोडक्या गर्दीतबी एकांदा चोर असतोय. त्यो म्हशीकडनं येतोय, माणसात शिरतोय आनी मग दवाखान्यातबी लौकर घावत न्हाय. आमाला कळत न्हाय, म्हशीलाबी कळत न्हाय. म्हणून कालपास्नं मी कट्ट्यावर शेगडी ठिवलीया. ज्येला पायजे त्येला तापवून देतोय. पैलवान शिव्या देत्यात. देऊ देत. त्यो चोर झटक्यानं कसा वळखायचा, ती रीत हुडकायला माझी पोरगी पुण्याला चाललीया.’’

शेगडीचं मला माहीत नव्हतं. पुण्याचंही नव्हतं. अव्वाला दोन्ही माहीत असावं, कारण ती पदराने डोळे पुसत होती आणि कानडीत काहीही बोलत नव्हती.

मामांनी बशीतल्या चहाकडे संशयाने पाहिलं. ‘‘उकळलंय न्हवं हे?’’

‘‘चांगलं खळाखळा.’’

‘‘मग लग्नाचं कसं करायचं म्हणता?’’

‘‘आदी चोर घावू द्या, पावणं,’’ आप्पा म्हणाले. मुलगा पहिल्यांदाच हसला, आणि मला वाटतं त्यालाही जरा सुटल्यासारखं झालं.

पाहुणे गल्लीच्या वळणापर्यंत पोचले तसे आप्पा आत आले. त्यांचा चहा तसाच गार पडला होता, सगळ्या वेळात त्यांनी एक घोटही घेतला नव्हता. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात विचारलं, ‘‘बरोबर सांगितलं न्हवं मी?’’ पुढे मी मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली, स्वतःही दिली, पण आपण सांगितलेलं खरं ठरलं का या काळजीने इतका कावराबावरा झालेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही.

‘‘बरोबर सांगितलासा, आप्पा,’’ मी म्हणाले.

‘‘कुठं चुकलं न्हाय?’’

‘‘कुठंबी न्हाय.’’

‘‘मला बरं वाटावं म्हणून बोलू नगंस. खरं सांग,’’ आप्पा म्हणाले, ‘‘उद्या कट्ट्यावर सांगायचं हाय.’’